वाळपईला सामना द्या : गोवा फुटबॉल संघटनेला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, पदाधिकारी आणि सर्व संलग्न क्लबांचे प्रतिनिधी,
गोवा फुटबॉल संघटना

सप्रेम नमस्कार.

सत्तरी तालुक्यातल्या (मुख्य गाव वाळपई) एका मराठी शाळेत मी २१ वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाने भूगोलाच्या वहीत गोव्याचा नकाशा काढून मला आणून दाखवला. त्यावर त्याने गोव्यातल्या फुटबॉल क्लबांसाठी लाल पेनने ठिपके दिले होते. धेंपो पणजीला. साळगावकर वास्कोला. वास्को स्पोर्ट्स क्लबही तिथेच. स्पोर्टिंग पणजीला, चर्चिल ब्रदर्स सासष्टीत, कळंगुट असोसिएशन कळंगुटला, एफसी गोवा फातोर्ड्याला. आतल्या बाजूला कुडचड्याचा गार्डियन एंजल सोडला, तर सगळे ठिपके समुद्राकडे गोळा झालेले. उजवीकडचा अर्धा नकाशा कोरा होता. त्या कोऱ्या भागात त्याने स्वतःच्या गावाचे नाव लिहिले होते आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मी त्याला तेव्हा सांगितले, "तिकडच्या लोकांना फुटबॉलचे वेड आहे, म्हणून टीमही तिकडे." उत्तर देऊन मी मोकळा झालो, पण ते उत्तर बरोबर नव्हते. पुढे अनेक दिवस ते मला टोचत राहिले. हे पत्र म्हणजे त्या मुलाला द्यायला हवे होते ते उत्तर आहे. ते तुम्हालाच लिहितो आहे, कारण नकाशावर नवा ठिपका द्यायचा अधिकार माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.

आधी माणसे मोजू. २०११ च्या जनगणनेनुसार तिसवाडी, बारदेश, सासष्टी आणि मुरगाव या जुन्या काबिजातींच्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखाच्या, चार तालुक्यांत ८ लाख ६३ हजारांहून जास्त लोक राहतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण आणि नंतर वेगळा झालेला धारबांदोडा, म्हणजे नव्या काबिजातींचा सारा मुलूख धरला, तर तिथे ५ लाख ९५ हजारांच्या आसपास. गोव्यातल्या दर दहा माणसांतली चार माणसे इकडची. वरच्या लीगमधल्या दर दहा संघांत इकडचे चार संघ आहेत का, ते तुमच्या कचेरीतल्या यादीवरून तुम्हीच पाहा.

वेडाचे म्हणाल, तर वेड आकाशातून पडत नाही. गोव्यात फुटबॉल आणल्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज पाद्रींना दिले जाते. १८८३ साली बारदेशातल्या शिवोलीत त्यांनी मुलांच्या हाती चेंडू दिला. शिवोलीहून तो शाळाशाळांत गेला, सेमिनरीत गेला, तिथून शिकून बाहेर पडलेल्या पाद्रींबरोबर गावोगावच्या इगर्जींत, म्हणजे चर्चमध्ये, पोचला. आणि इगर्जीसमोर काय असते? सपाट, मोकळी जागा. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशी गाव तिथे जमायचा, इतर दिवशी मुले खेळायची. पुढे गावागावांतल्या स्पर्धा सुरू झाल्या, या वाड्याची टीम, त्या वाड्याची टीम, आणि शंभर वर्षांत त्यातूनच क्लब उभे राहिले. जुन्या काबिजाती पोर्तुगीजांच्या हाती सोळाव्या शतकात गेल्या, नव्या काबिजाती अठराव्या शतकात. त्या दोनशे वर्षांच्या फरकामुळे आमच्याकडे इगर्जी कमी, आणि इगर्जीच्या अंगणातली मैदानेही कमी.

आमच्याकडे होता तो देवळाचा मांड. मांडावर शिमगा होतो, नाटक होते, भजनी सप्ताह होतो. चारी बाजूंनी घरे, माड, काजू, आणि मधे जेमतेम एवढीशी जागा. त्या जागेत आमची पोरे काय खेळणार? व्हॉलीबॉलचे कोर्ट १८ बाय ९ मीटरचे, म्हणजे १६२ चौरस मीटर. कबड्डीचे त्याहून लहान. फुटबॉलचे मोठे मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. एका फुटबॉल मैदानाचे क्षेत्रफळ व्हॉलीबॉलच्या चव्वेचाळीस कोर्टांएवढे. सत्तरीच्या डोंगराळ गावात एवढी सलग सपाट जमीन मिळाली, तर ती भातशेतीच असते, आणि तिथे कापणीनंतर काही महिनेच खेळता येते. म्हणून आमची मुले व्हॉलीबॉल आणि कबड्डी खेळली. लोकांनी त्याला आवड म्हटले. ती जागेची अडचण होती.

"फुटबॉल हा त्यांचा खेळ, आपला नव्हे," असेही इकडे कधी कधी ऐकू येते. हे बोलणाऱ्यांना मी एकच नाव सांगतो : ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगावकरच्या आणि भारताच्या गोलात उभा राहिलेला हा माणूस. १९९७ चा अर्जुन पुरस्कार, २०२२ ची पद्मश्री. धेंपोच्या चांगल्या दिवसांत त्यांच्या बचावफळीत महेश गवळी आणि समीर नाईक होते. एफसी गोवाच्या डाव्या बाजूने मंदार राव देसाई वर्षानुवर्षे धावला. खेळाला जात-धर्म नाही हे सगळेच म्हणतात. मी त्याहून साधी गोष्ट सांगतो. या माणसांना मैदान मिळाले, क्लब मिळाला, आणि ते खेळले.

आता मुख्य गोष्ट, खनिजाची.

माझे वडील खनिजाच्या ट्रकवर चालक होते. पिसुर्ल्याच्या बाजूच्या खाणींतून ट्रक भरून निघायचे आणि नदीकाठच्या जेटीवर रिकामे व्हायचे. तिथून बार्ज नदीतून खाली मुरगाव बंदरात, बंदरातून जहाज परदेशात. आमच्या तालुक्यातून वाहते तेव्हा ती नदी म्हादई असते, पणजीला पोचते तेव्हा मांडवी. खनिज डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यातले. धूळ आमच्या भाताच्या पातीवर. विहिरी आमच्या आटल्या. पण कंपन्यांच्या कचेऱ्या होत्या पणजीला आणि वास्कोला. आणि धेंपो, साळगावकर यांसारख्या खाणमालक घराण्यांनी जेव्हा फुटबॉलला पैसा दिला, मन लावून दिला, दशकानुदशके दिला, तेव्हा क्लब कचेरीजवळ उभा राहिला, खाणीजवळ नाही.

मी हे कुणावर राग धरून लिहीत नाही. धेंपो आणि साळगावकर या क्लबांनी गोव्यासाठी जे केले ते मी कधी विसरणार नाही. १९९८-९९ च्या मोसमात साळगावकरने राष्ट्रीय लीग जिंकली, गोव्याच्या क्लबाने पहिल्यांदाच. आमच्या वाड्यावर त्या दिवशी लोकांनी फटाके वाजवले. वडील घरी आले ते अंगावर लाल धूळ घेऊनच, आणि रेडिओजवळ उभ्याउभ्या त्यांनी बातमी ऐकली. त्यांना वाटले की आपण जिंकलो. त्यांचे बरोबर होते, ते जिंकलेच होते. पण ती टीम प्रत्यक्ष खेळताना त्यांनी आयुष्यात एकदाही पाहिली नाही. आमच्या बाजूला ती कधी आलीच नाही, आणि ट्रकचा माणूस रविवारीही ट्रकवरच असायचा.

क्लब कुठे उभा राहतो हे चार गोष्टी ठरवतात, असे मला एवढी वर्षे पाहून वाटते. सपाट जमीन, पैसेवाला आश्रयदाता, खेळायला मोकळा वेळ, आणि ये-जा करायला वाहन. वेड या चारांनंतर येते. इंग्लंडचेच उदाहरण घ्या. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली. बारा क्लब होते, आणि त्यांत लंडनचा एकही नव्हता. प्रेस्टन, ब्लॅकबर्न, बर्न्ली, बोल्टन, ॲक्रिंग्टन, ही सगळी कापडगिरण्यांची गावे. बाकीचे क्लब लिव्हरपूल आणि मध्य इंग्लंडच्या कारखान्यांच्या शहरांतले. कारण गिरणी कामगारांना शनिवारी दुपारी सुटी मिळायची, रेल्वे गावोगाव पोचली होती, आणि खेळाडूला पगार देणे १८८५ पासून नियमात बसले होते. त्या वेळी कुणी म्हणाले असते की लंडनच्या लोकांना फुटबॉलची आवड नाही, तर ते किती चुकीचे ठरले असते, हे आज सारे जग जाणते.

आणखी एक गाव मला फार जवळचे वाटते, स्पेनमधले व्हिलारेआल. लोकवस्ती पन्नास हजारांच्या आसपास. सत्तरी तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये ६३,८१७ होती, म्हणजे हे गाव आमच्या तालुक्याहूनही लहान. तिथला धंदा सिरॅमिक फरश्यांचा, आणि क्लबाचे मालकही त्याच धंद्यातले. मातीतून आलेला पैसा त्यांनी त्याच गावच्या मैदानावर लावला. तो क्लब २००६ आणि २०२२ साली युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोचला आणि २०२१ मध्ये त्याने युरोपा लीग जिंकली. माती त्यांचीही, माती आमचीही. त्यांची माती भाजून फरशी झाली, आमची बार्जमधून निघून गेली.

तुमच्यापैकी अनेकांनी सोन्याचे दिवस पाहिले आहेत, म्हणून आकडे आठवून देतो. २००७-०८ च्या पहिल्या आय-लीगमध्ये दहा संघ होते, त्यांतले चार गोव्याचे. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. पहिल्या सहाही आय-लीग याच क्रमाने गोव्यातच राहिल्या. साडेचौदा लाखांच्या राज्याने सलग सहा वर्षे देशाला हरवले. त्याच काळात, २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. आमच्या गावांत ट्रक अंगणात गंजत पडले. गावच्या स्पर्धेला बक्षीस देणारा ट्रकमालक बँकेच्या हप्त्यांत बुडाला.

मग २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. सुरुवातीचे आठ संघ कसे ठरले? शहर आधी, क्लब मागाहून. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, पुणे, कोची, गुवाहाटी आणि गोवा. गोव्याला जागा मिळाली याचा मला अभिमान आहे, एफसी गोवावर माझे प्रेम आहे. २०१९-२० ची शिल्ड, म्हणजे साखळी फेरीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारी, आम्ही जिंकलो, आणि २०२१ मध्ये आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब आमचाच होता. पण पूर्वी जिथे चार संघ राष्ट्रीय पातळीवर खेळायचे, तिथे सगळ्या अपेक्षा एकाच संघावर येऊन पडल्या. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. वरच्या लीगमधला दरवाजाच बंद होणार असेल, तर पैसा कशाला ओतायचा, ही त्यांची बाजू मला समजते. वर चढायची वाट नसली की खाली राहायचीही इच्छा संपते.

आणि शहर आधी, क्लब मागाहून, अशा क्लबाचे पुढे काय होते तेही आपण पाहिले. दिल्लीचा संघ २०१९ मध्ये उठून भुवनेश्वरला गेला. पुण्याचा त्याच वर्षी बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादचा २०२५ मध्ये दिल्लीला. आय-लीगमध्ये काशीच्या नावाचा संघ आपले घरचे सामने बंगालमधल्या कल्याणीत खेळला. ज्या क्लबाखाली गाव नाही, मैदान नाही, शाळेतली पोरे नाहीत, तो एका रात्रीत बिऱ्हाड उचलतो. गोव्यातल्या गावांचे क्लब तसे नाहीत. वेळसांवचा क्लब वेळसांवचाच राहणार. हीच आपली खरी ताकद आहे, आणि ती फक्त अर्ध्या गोव्यात का वापरायची, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता माझ्या शाळेतली गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमचा एक मुलगा किनाऱ्याकडच्या एका मोठ्या क्लबाच्या सोळा वर्षांखालील निवड चाचणीत पास झाला. डाव्या पायाचा, फार जोराचा. क्लबाचे नाव मी सांगत नाही, कारण त्यांनी त्याच्याशी काही वाईट वागणूक केली नाही. सराव आठवड्यातून चार दिवस, सकाळी साडेसहाला. त्याच्या गावाहून पहिली बस सव्वासहाला सुटायची, आणि वाटेत दोन बसगाड्या बदलायच्या. पहिले काही दिवस त्याच्या काकांनी त्याला स्कूटरवर नेले. पहाटे साडेचारला उठून, जंगलातल्या रस्त्याने, डिसेंबरच्या धुक्यात. मग काकांची नोकरी, मग पेट्रोल, मग एकदा रस्त्यावर गवा आडवा आला आणि घरच्यांनी नाही म्हटले. महिन्याभरात त्याने जाणे सोडले. क्लबाने फोन केला, मीही घरी जाऊन आलो. त्याची आई म्हणाली, "सर, टीम जवळ असती तर सोडला असता का?" मला उत्तर नव्हते. तो आज एका औषध कारखान्यात पॅकिंगला आहे. रविवारी माझ्या मुलांना कॉर्नर कसा मारायचा ते शिकवायला येतो.

मुलींची गोष्ट याहून अवघड आहे. मुलीला संध्याकाळी सातनंतर परतावे लागेल अशा ठिकाणी सरावाला पाठवा, असे मी कुठल्या तोंडाने कुणाच्या आईला सांगू? आमच्याकडे चार मुली अशा आहेत की त्यांचा पहिला स्पर्श पाहून तुम्ही वही काढून नावे लिहून घ्याल. त्यांना पाहायला मात्र इथे यावे लागेल.

सामना पाहायला जाण्याचेही तसेच. सुपर लीगचा सामना साडेसातला सुरू होतो, साडेनऊनंतर संपतो. फातोर्ड्याहून सत्तरीला त्या वेळी बस मिळत नाही. मी दरवर्षी एकदा मुलांना टेंपो करून नेतो. घरी पोचायला मध्यरात्र होते. मुले वाटेत झोपत नाहीत, प्रत्येक पास पुन्हा बोलून दाखवतात. वर्षातून एकदा. सासष्टीतला मुलगा जेवून चालत जातो आणि चालत येतो. त्या दोन मुलांत वेडाचा फरक नाही, अंतराचा आहे.

"लोक येणार नाहीत," असे कुणीतरी म्हणेल. आमच्या तालुक्यांतल्या टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा कधी पाहा. रात्री दिव्यांच्या उजेडात शेतात माणूस मावत नाही, सामने मोबाइलवर थेट दाखवले जातात, समालोचक मराठी-कोंकणीत घसा फोडून बोलतात. गर्दी आहे. तिला फुटबॉल दाखवलाच गेला नाही.

मात्र गर्दी असली की सगळे आपोआप होते असेही नाही, हेही मला मान्य आहे. कोल्हापूर पाहा. आमच्यातल्या अनेकांचे सोयरे तिकडचे आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच शहरातला. इतके असूनही पुरुषांच्या राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये कोल्हापूरचा संघ नाही. तिथे गर्दी आहे, तालमी आहेत, पण गल्लीच्या मैदानातून देशाच्या लीगपर्यंत जाणारा जिना मधेच तुटलेला आहे. गोव्यात तो जिना आहे. तुम्ही तो बांधला आहे : तिसरा विभाग, दुसरा विभाग, पहिला विभाग, प्रो लीग, आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धा. धेंपो २०२४ मध्ये त्याच राष्ट्रीय जिन्याने पुन्हा आय-लीगमध्ये चढला. फक्त जिन्याची पहिली पायरी आमच्या दारापासून दोन बसगाड्या दूर आहे.

जवळच्या राज्याने काय केले तेही सांगतो. केरळने २०२४ मध्ये स्वतःची सुपर लीग सुरू केली. सहा संघ घेतले, आणि ते राज्याच्या दोन्ही टोकांपर्यंत पसरले : तिरुवनंतपुरम, कोची, त्रिशूर, मलप्पुरम, कोळिकोड, कन्नूर. कोची आणि कोळिकोडला आधीच मोठे संघ होते, तरी सगळे तिथेच कोंबले नाहीत. पंजाबमध्ये नामधारी संघ लुधियाना जिल्ह्यातल्या श्री भैणी साहिब या गावात आय-लीगचे सामने खेळू लागला. गावात. मैदान नीट केले, माणसे उभी राहिली, आणि देशभरचे संघ त्या गावात उतरायला लागले.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. सत्तरीला उद्या प्रो लीगचा क्लब द्या असे मी म्हणत नाही, तो असा हातात देता येत नाही हे मला कळते. मला सामना हवा आहे. पुढच्या मोसमात प्रो लीगच्या प्रत्येक क्लबाने आपले दोन सामने नव्या काबिजातींच्या तालुक्यांत खेळावेत. वाळपई, साखळी, डिचोली, पेडणे, फोंडा, सांगे, काणकोण, यांतले कुठलेही मैदान, जे तुमच्या तांत्रिक समितीला चालेल ते. दिवसाउजेडी सामना ठेवला तर दिव्यांचा खर्च नाही, आणि आमच्या माणसांना शेवटची बस मिळते. पाहुणा क्लब सकाळी लवकर आला, तर तासभर शाळेच्या मुलांबरोबर मैदानात राहील. मुलांना खेळाडू जवळून दिसेल, प्रशिक्षकांना मुले दिसतील. निवड चाचणीला मुलाने किनाऱ्याला जायचे, याऐवजी चाचणीने इकडे यायचे.

दुसरे, तिसऱ्या विभागात पेडणे-डिचोली-सत्तरीचा एक गट आणि सांगे-केपे-धारबांदोडा-काणकोणचा एक गट करावा. आज आमच्या बाजूचे एखादे मंडळ नोंदणी करायचे म्हणते आणि टेंपोच्या भाड्याचा हिशेब करूनच मागे फिरते. पहिल्या फेरीचे सामने जवळ झाले, तर दोन-तीन वर्षांत किमान सहा-सात मंडळे उभी राहतील असे मी जबाबदारीने सांगतो. त्यांच्या कार्यकर्त्यांशी मी बोललो आहे.

मैदानाच्या पैशांचे म्हणाल, तर २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली आहेत, आणि त्यांचा निधी खाणग्रस्त भागासाठीच असतो. आमच्या पंचायती प्रस्ताव देतील. त्या प्रस्तावासोबत "इथे मान्यताप्राप्त लीगचे सामने होणार आहेत" असे तुमचे एक पत्र असले, तर त्याचे वजन वेगळे होईल. साखळीला खनिज काढून झालेल्या खाणीच्या जागी सेसा या खाण कंपनीची फुटबॉल अकादमी उभी राहिली. जिथून लोह काढले तिथे मुले चेंडू खेळू शकतात हे एकदा झालेले आहे. पुन्हा होऊ शकते.

हे पत्र लिहिताना मी त्या मुलाची वही पुन्हा मागून घेतली. तो आता दहावीत आहे. नकाशात त्याने आणखी एक भर घातली आहे : प्रत्येक लाल ठिपक्यापासून आपल्या गावापर्यंत पेन्सिलने रेघ ओढून बसला लागणारा वेळ लिहिला आहे. एकाही रेघेवर एक तासापेक्षा कमी वेळ नाही.

आमचे मैदान नोव्हेंबरपर्यंत वाळते. पूर्वेच्या बाजूला थोडा उतार आहे, तो गावचे लोक श्रमदानाने सपाट करायला तयार आहेत. गोलपोस्ट लोखंडी आहेत, जाळी नवी घेऊ. रेषा आखायचा चुना शाळा देईल. दोन्ही संघांच्या जेवणाची जबाबदारी महिला मंडळाने घेतली आहे. वाळपईहून पणजीला जाणारी शेवटची सोयीची बस लक्षात घेतली, तर सामना साडेतीनला सुरू करावा लागेल. तुमच्या पाहणीसाठी कुणी येणार असेल तर एक दिवस आधी कळवा, मी मैदानावरच भेटेन.

आपला,
सत्तरी तालुक्यातला एक क्रीडाशिक्षक